डाव्या पुडीची कणीक

मु. सावरखेडी, व्हाया मोताळा
ता. १८ जुलै १९६३, गुरुवार

ती. सिंधूताईंच्या पायावर वच्छलेचं डोकं.

इकडे मी बरी आहे. तुम्ही, पोरं, सुना, नातवंडं सारे बरे असान. पाऊस वेळेवर आला, सरकी लावून झाली, निंदण चालू आहे. गाय व्याली, कालवड झाली. माझ्या तब्येतीचं म्हणसान तं तिले काय धाड भरली? दोन वखत खाते अन् पडून राहते.

आता ज्याच्यासाठी पत्र घेऊन बसली ते लिहिते. उन्हाळ्यात तुमच्या भावाच्या तेराव्याले तुम्ही चार लोकांत म्हणाल्या, हा मृदंग माझ्या बापाचा आहे, उंदरांसाठी नाही. वर्षश्राद्धापर्यंत या घरात वाजवणारं कोणी उभं राह्यलं तं मृदंग इथंच राहीन, नाही तं मी मेहकरले नेईन अन् आमच्या देवळातल्या भजनाले देईन. त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द निंघाला नाही. लोकांले वाटलं, वच्छला कबूल आहे. मी कबूल नव्हती ताई, मले बोलता येत नव्हतं एवढंच. आता येते, म्हणून लिहून राह्यली. तुमची अट मले मंजूर. पण वर्ष मी पुरतं घेईन, त्यातला एक दिवस सोडणार नाही.

तुम्ही म्हणसान, वाजवणारं आणशीन कुठून, तुले ना लेक, ना लेकाचा लेक. ते माझं मी पाहीन. पहिले मास्तर पाहते. शिकवणारा चांगला भेटला म्हणजे शिकणारं माणूस कुठी जाते?

गुरुवारची एक गंमत सांगते. आज भजनाचा दिवस. तुम्हाले तं माहीतच आहे, मृदंगाच्या डाव्या पुडीच्या चामड्याले ओली कणीक लावा लागते, तेव्हा तो घुमते, नाही तं पत्र्याच्या डब्यावानी वाजते. ते कणीक, मी या घरात आली तेव्हापासून माझ्या हातची. गुरुवारी सांजच्याले पोळ्यांची कणीक मळली की पहिला गोळा तोडून मी वाटीत झाकून ठेवत जाय. तुमचे भाऊ टोपी घालत, मृदंग खांद्याले लावत, अन् मी वाटी हातात देत जाय. बोलणं काही नाही. भजन करून आले की कणीक खरडून गाईले. ते गेल्यावरच्या पहिल्या गुरुवारी हातानं आपोआप गोळा तोडला अन् वाटीत झाकला. आजबी तसंच झालं. वाटी समोर घेऊन बसली. भजनवाले दारावरून देवळाकडे गेले, आत कोणी पाह्यलं नाही. पाहतीन कायले? मंग गोळा गाईले देला. या घरात आता गाय तेवढी खूश आहे.

मृदंग खुंटीवर आहे. उंदीर लागला नाही. तुम्ही नेहमी म्हणत होत्या ना, माझा भाऊ मृदंग वाजवते का कुटते, दरवर्षी दसऱ्याआधी मेहकरले येऊन डावी पुडी नवी चढवा लागते त्याले. यंदा पुडी चांगली राहीन. कुटणारं कोणी नाही.

तुमची भावजय
वच्छला


मु. सावरखेडी
ता. २२ सप्टेंबर १९६३

ती. सिंधूताई, नमस्कार.

पत्र भेटलं. धाकट्या सुनेले दिवस गेले वाचून जीवाले बरं वाटलं. इकडून डिंक पाठवीन.

तुम्ही इचारलं, पोरगा कोणाचा, वय किती, भावकीतला का बाहेरचा. माणूस घरचंच आहे, ताई. व्यसन नाही, उलटून बोलत नाही, सांगतलं ते ऐकते. वयाचं काय घेऊन बसल्या? मृदंगाले हात लागते, जन्मपत्रिका नाही.

मास्तर पाहायले मोताळ्याले गेली होती, बाजाराच्या दिवशी. संग शेजारची गोजरबाई होती. तिथं शालिग्राम मास्तर म्हणून आहेत. तबला, पेटी, मृदंग सारं शिकवतात. दारावर रंगवलेली पाटी, आत सतरंजी, भिंतीवर हार घातलेल्या तसबिरी. मले वहिनीबाई म्हणून बसवलं, चहा सांगतला. माणूस गोड आहे, खोटं कायले बोलू. आम्ही बसलो अन् शिकवणी पाह्यली. पाच-सहा जण एकदमच वाजवून राह्यले होते, कोणाचं काय चाललं कोणाले पत्ता नाही. एक जण सारखा एकाच जागी अडखळे. मले ऐकू येत होतं, गोजरबाईलेबी आलं, अन् ती तं भजनातबी झोपते. मास्तर मान हलवून वाहवा म्हणत होते.

मी त्यांचा मृदंग जवळून पाह्यला. डाव्या पुडीवर मागच्या बैठकीची कणीक तशीच, वाळून भेगा पडलेली. माझं मन तिथंच उठलं. आपल्या वाद्याची पुडी साफ करायचा ज्याले कंटाळा, तो दुसऱ्याच्या डाव्या हाताकडे काय ध्यान देईन? तरी इचारलं, आमच्या माणसाले किती दिवस लागतीन? म्हणे, तीन महिन्यात जत्रेत बसवतो, हात मोठा गुणी असीन. अन् त्यानं अजून हात पाह्यलाच नव्हता.

चहा पेली अन् उठली. गोजरबाई म्हणे, वच्छले, तुले पसंत तरी कोण पडणार आहे? मी म्हणलं, पडीन कोणी.

येता येता बाजारात तुमच्या भावाची तंबाखू घेतली. दुकानदारानं पुडी बांधून हातात देली तेव्हा ध्यानात आलं. वापस कशी करू? घरी आणली, तशीच कोनाड्यात ठेवली. वास येते तिचा.

तुमची
वच्छला


मु. सावरखेडी
ता. १५ डिसेंबर १९६३

ती. सिंधूताई, नमस्कार.

कापूस वेचून झाला. थंडी लय आहे. डिंक भेटला का ते कळवा.

तुमचं पत्र मले जरा झोंबलं. तुम्ही लिहिलं, नाव सांगत नाहीस म्हणजे पोरगा नाहीच, तू दिवस ढकलून राह्यली. ढकलत नाही ताई. मी जळगाव जामोदले जाऊन आली, तेबी मृदंग घेऊन.

तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी इंद्रभानबुवा राहतात, त्यांचं नाव तुमच्या भावाच्या तोंडून मी लय खेपा ऐकलं होतं. या खेपेस एकटीच गेली. मृदंग गोधडीत गुंडाळला अन् एस.टी.त मांडीवर घेतला. बाजूले एक बाई बसली होती, तिनं गोधडीवर हात ठेवून हळूच इचारलं, लेकरू झोपलं का? मी हाव म्हणलं. काऊन म्हणलं ते मले इचारू नका. जळगाव येईपर्यंत ती बाई आपल्या पोराले बोलू देईना, बाईचं लेकरू उठीन म्हणून. मीबी गोधडी सावरत बसली.

बुवांचं वाजवणं काय सांगू. आवाज मोठा नाही. डावा हात असा पडते की जमिनीतून काही तरी बोलून राह्यलं असं वाटते. तुमच्या भावाचा हातबी चांगला होता, पण हा त्याच्या वरचा, मले कबूल करा लागीन. मी पदर डोळ्याले लावून ऐकलं. मनात म्हणलं, मास्तर भेटला, आता मेहकरच्या चिठ्ठ्या थांबतीन.

पण त्यांनी नकार देला. का देला ते आज लिहीत नाही.

माणूस वाईट नाही. मृदंग उघडून पाह्यला, डाव्या पुडीवरून बोट फिरवलं अन् म्हणाले, ही पुडी मेहकरच्या उकंडरावानं चढवली आहे. तो शिकवतेबी. त्याले लोकांची पर्वा नाही, त्याच्याकडे जाऊन पाहा.

वापस आली तेव्हा कुलूप थंडगार झालं होतं. माणूस गावाहून आलं म्हणजे घरातून कोणी तरी म्हणते, आली का. एवढा एक शब्द, ताई. तो नसला तं गावाले गेल्यासारखंबी वाटत नाही अन् आल्यासारखंबी नाही. गोधडी सोडली, मृदंग खुंटीले टांगला, अन् मीच मोठ्यानं म्हणलं, आली मी. गाय हंबरली.

तुमची
वच्छला


मु. सावरखेडी
ता. २ फेब्रुवारी १९६४

ती. सिंधूताई,

आज तब्येत-पाणी, कालवड, कापूस काही लिहीत नाही. जे लिहायचं ते पहिले लिहिते, नाही तं हात मागं येईन.

शिकणारं माणूस मी आहे.

आता लिहिलं तं लिहिलं. घरात दुसरं कोण आहे? तुम्ही वाजवणारं कोणी म्हणाल्या, बाप्या माणूस पायजे असं म्हणाल्या नाही. मी हे पहिल्या पत्रापासून मनात धरून बसली होती. लिहायची हिंमत होत नव्हती. तुम्ही हसाल, नाही तं त्याच दिवशी एस.टी.त बसून मृदंग न्यायले याल, असं भेव वाटे.

इंद्रभानबुवांनी इचारलं होतं, शिष्य कुठी आहे? मी म्हणलं, समोर बसला आहे. त्यांचे शिष्य एकमेकाकडे पाहून तोंड लपवू लागले. बुवा हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, बाई, टाळ घ्या, अभंग म्हणा, देव त्यातच आहे. मांडी घालून मृदंग पुढं घेणं बाईमाणसाले शोभत नाही, अन् या वयात कोणाले शिकवूबी नाही. मी म्हणलं, एकदा हात तं पाहा. ते म्हणाले, पाहायची गरज नाही. मले त्यांच्या नकाराचं एवढं नाही लागलं. पाह्यलं नाही, याचं लागलं.

आता दुसरी गोष्ट. जानेवारीत मी मेहकरले येऊन गेली. तुम्हाले कळवलं नाही. मोटारीतून उतरली तं पाय आपोआप तुमच्याच गल्लीत वळले. तुम्ही ओट्यावर उन्हात बसून डाळ निवडत होत्या. केस लय पांढरे झाले तुमचे. मी कोपऱ्यावर उभी राह्यली, गोधडीतला मृदंग छातीशी धरून. हाक मारू, तं तुम्ही म्हणसान, आणला का, ठेव. अन् माझा नकार तुमच्यापुढं टिकणार नाही. मी वापस फिरली. आपल्या माणसाच्या दारातून असं चोरावानी जाणं माझ्या नशिबी येईन असं वाटलं नव्हतं.

उकंडराव जुन्या देवळामागं राहतात. म्हातारे झाले, पण हात अजून कामात. पुड्या चढवतात अन् मनात आलं तं शिकवतात. मी दारातच सांगून टाकलं, मीच शिकणार आहे, हो म्हणा का नाही म्हणा. ते ना हो म्हणाले ना नाही. म्हणाले, कणीक आणली का?

मी घरून वाटी नेली होती. त्यांनी गोळा दाबून पाह्यला, अन् मंग एक कण जिभेवर ठेवला. माझ्याकडे पाहतच राह्यले.

"यात मीठ आहे, बाई."

मी म्हणलं, पोळ्यांचीच कणीक आहे, मीठ राहीनच. तं ते म्हणाले, मिठाले ओल सुटते, त्यानं पुडी आतून सडते, वर्ष निंघत नाही. मृदंगाची कणीक बिनमिठाची लागते. मी विळ्यावर बोट कापल्यावानी बसली. म्हणजे इतकी वर्षं तुमच्या भावाची पुडी कोणी कुटली नाही ताई. माझ्या हातानं सडत होती. अन् तुम्ही बोल त्यांले लावत होत्या.

मी इचारलं, तुम्ही त्यांले कधी सांगतलं नाही? उकंडराव म्हणाले, पहिल्याच वर्षी सांगतलं. तं तुमचे भाऊ हसले अन् जे बोलले ते उकंडरावांनी मले त्यांच्याच शब्दात सांगतलं.

"तिले कळू देजो नको. पहिला गोळा ती माझ्यासाठी तोडते. मिठाचं सांगतलं तं दर खेपेस तिचा हात भीत भीत चालन. पुडी काय, दुसरी येते."

मी भर दुपारी, परक्या माणसाच्या ओसरीत, हमसून हमसून रडली. हे गेले त्या दिवशीबी मी अशी रडली नव्हती. एवढी वर्षं संग राह्यली, मले वाटे हा माणूस माझ्याशी बोलतच नाही. वाटी घेतली की चालले. मले काय माहीत, त्या वाटीवर त्यांचं इतकं ध्यान होतं.

उकंडरावांनी रडू देलं. मंग नवी कणीक मळायले लावली, अन् लगेच ओरडले, एवढी नाही, घरी जेवायले बसलात का? पाठ ताठ करा. मनगट सैल सोडा. अन् ताई, माझं रडणं थांबलं. शालिग्राम मास्तरांनी हात न पाहताच वाहवा केली होती, बुवांनी न पाहताच नाही म्हणलं. यांनी पाह्यलं, चूक सांगतली, अन् जागेवरून उठवलं नाही. मी मनात म्हणलं, मास्तर हाच. नवऱ्यानं लपवली ते चूक मास्तरानं तोंडावर सांगतली, मले दोघंबी पायजेत.

आता मागणं. ते म्हणतात, येऊन-जाऊन होत नाही, रोज बसा लागीन. शेत आता मोकळं आहे. वर्षश्राद्धापर्यंत मले तुमच्या घरी राहू द्याल का? ओसरीत पडीन, तुमच्या सुनांच्या हाताखाली काम करीन. मृदंग संगच आणते. त्या दिवशी मले वाजवता आलं नाही, तं मी हात लावणार नाही, तुमचा आहे, तुम्ही घ्या. बाई शिकते हेच तुम्हाले पसंत नसीन तं तसं लिहा. मी येणार नाही, रागबी मानणार नाही. पण उत्तर लिहा. टपालवाला दारावरून सरळ गेला की तो दिवस जात नाही.

तुमची
वच्छला


मु. सावरखेडी
ता. १४ मे १९६४, गुरुवार

ती. सिंधूताई, नमस्कार.

वर्षश्राद्ध आटोपून तुम्ही मोटारीत बसल्या, हात हलवला, अन् मी घरी आली. अंथरूण घडी करताना तुमची पानाची चंची उशाखाली सापडली. ठेवली आहे.

तुमच्या घरी राह्यली तेव्हाचं एक तोंडानं बोलणं झालं नाही, ते लिहिते. ओसरीत बसून मी घोकत होती अन् पुढचा बोल काही केल्या आठवेना. तेव्हा सैपाकघरातून तुमचा आवाज आला. तुम्ही चुलीपुढून उठल्या नाही, इकडे पाह्यलंबी नाही, पण पुढचे बोल ठेक्यात धडाधड म्हणून टाकले. मी तसंच वाजवलं. तुमच्या बापानं लेकाले पुढं बसवून शिकवलं अन् लेकीनं दाराआडून पाठ केलं, हे मले त्या दिवशी समजलं. अन् तुम्ही हा मृदंग काऊन मागत होत्या तेबी. देवळाच्या भजनाचं निमित्त होतं ताई. तुम्हाले तो कानाजवळ पायजे होता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी इथं भावकीतले दोघं-चौघं मुद्दाम माझी फजिती पाहायले बसले होते. एक साधा ठेका वाजवला अन् त्यातबी एका जागी चुकली. मले वाटलं, गेला मृदंग. तुम्ही उठल्या, मांडीवरून तो उचलला, अन् मी डोळे मिटले. तुमचं बोलणं तेवढं ऐकू आलं.

"माझा भाऊबी इथंच चुकत जाय."

डोळे उघडले तं तुम्ही टाचा उंच करून तो खुंटीले टांगून राह्यल्या होत्या. भावकी गपचूप उठून गेली. मी तुमच्या पाया पडली नाही, मले उठताच आलं नाही. या पत्रातून पडते.

तुम्ही गेल्यावर घर पहिल्यापेक्षा मोठं वाटते. भजनवाल्यांनी बोलावलं नाही. नकोबी म्हणलं नाही, फक्त दारावरून जातात. मी गुरुवारी दार उघडं ठेवून ओसरीत बसते, अन् देवळातले टाळ ऐकत आपला ठेका धरते. मागच्या गुरुवारी एका अभंगाले टाळ माझ्या संग चालले असं वाटलं. का मले भास झाला, देव जाणे. गोजरबाई म्हणते, भास नाही. पण ती माझी समजूत काढणारी.

आता शेवटची गोष्ट. उकंडरावांले शब्द देला तशी मी पहिला गोळा मीठ टाकायच्या आधीच तोडते. पुडी सुरेख घुमते. मेहकरहून निंघताना ते म्हणाले होते, अशी ठेवली तं आता कितीक वर्षं माझ्याकडे यायचं काम नाही. मोटारीत बसल्यावर ते बोल मले टोचू लागले. तुमचे भाऊ दरवर्षी दसऱ्याआधी मेहकरले येत ते पुडीसाठी. तुमच्या हातचं खाऊन, दोन दिवस राहून जात. पुडी सडली नसती तं कामातून उठून आले असते का? माणसं नुसतं भेटावं वाटते म्हणून गावाले जात नाहीत ताई, त्यांले काही तरी काम लागते. मिठाचं त्यांनी मले सांगतलं नाही ते माझ्यासाठी, असं मी धरून चालली होती. आता वाटते, अर्धं तुमच्यासाठीबी असीन.

म्हणून ठरवलं. पोळा झाला की दोन-तीन गुरुवार कणकेत मीठ टाकीन, चांगलं मूठभर. दसऱ्याआधी पुडी गेली पायजे. उकंडराव ओरडतीन, ओरडू द्या. तुमची चंची तेव्हाच आणीन. ओसरीतली माझी जागा झाडून ठेवा, अन् मी दारात आली की तेवढं म्हणा, आली का.

तुमच्या भावाची, अन् आता तुमचीबी,
वच्छला